बाळ उशिरा बसतंय, उशिरा चालतंय: थेरपीत नेमकं काय होतं आणि घरी काय करायचं

माझी मुलगी ११ महिन्यांची होती तेव्हा बसवलं की बसायची, पण बसल्या जागेवरून हलायची नाही. खेळणं लांब गेलं की आधी त्याच्याकडे बघायची, मग आमच्याकडे बघायची, आणि आम्ही लगेच उचलून तिच्या हातात द्यायचो. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडे गेलो तेव्हा मला वाटलेलं की त्या तिला घेतील, पाय वर-खाली करतील, व्यायाम करून घेतील आणि आम्ही बाजूला बसून बघू. तसं काहीच झालं नाही. त्या जमिनीवर बसल्या, तिच्या आवडीचा झाकणाचा डबा तिच्या उजवीकडे, हात पोचतो त्याच्या वीतभर पुढे ठेवला, तिच्या डाव्या कमरेवर दोन बोटं टेकवली आणि थांबल्या. नुसत्या थांबल्या. पोरगी कुरकुरली, डब्याकडे वाकली, परत सरळ झाली, परत वाकली, मग एक हात जमिनीवर टेकला, भार त्या हातावर गेला, अंग वळलं आणि दुसरा हात डब्याला लागला. दीड-दोन मिनिटं गेली असतील. माझा हात तीनदा डबा पुढे सरकवायला गेला आणि तीनदा त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

ती दोन मिनिटं हीच थेरपी होती हे कळायला मला पुढे बरेच महिने लागले, म्हणून जे कळलं ते नीट लिहून ठेवतेय, ज्यांचं आत्ता सुरू होतंय त्यांच्यासाठी.

आधी "उशीर" म्हणजे किती ते बघू, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ असतो. प्रत्येक मूल वेगळं असतं हे खरं आहे पण त्या वेगळेपणाला पण मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या ५ देशांतल्या निरोगी मुलांचं निरीक्षण करून २००६ मध्ये आकडे दिले. आधाराशिवाय बसणं साधारण ४ ते ९ महिन्यांत, हात-गुडघ्यांवर रांगणं ५ ते साडेतेरा महिन्यांत, आणि एकट्याने चालणं ८ ते साडेसतरा महिन्यांत. बघा ना, चालण्याची खिडकी जवळजवळ साडेनऊ महिन्यांची आहे! म्हणजे शेजारचं बाळ १० महिन्यांचं असताना चाललं आणि आपलं १५ महिन्यांचं होऊनही चालत नाही, तर दोघंही ठीक असू शकतात. आणि त्याच अभ्यासात ४ टक्क्यांच्या आसपास मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, सरळ उभी राहिली. त्यामुळे फक्त "रांगलं नाही" एवढ्यावरून घाबरायचं नाही.

बाळ आधी जन्मलेलं असेल तर वय डॉक्टरांनी बाळंतपणासाठी दिलेल्या तारखेपासून मोजायचं. २ महिने आधी जन्मलेलं बाळ कॅलेंडरने ८ महिन्यांचं असलं तरी हालचालींच्या हिशोबाने ते ६ महिन्यांचं धरतात, याला करेक्टेड एज म्हणतात आणि साधारण २ वर्षांपर्यंत असंच मोजतात. हे न मोजल्याने किती आईबाप उगाच रात्र रात्र जागतात.

पण काही गोष्टींत "थांबू या, बघू या" करायचं नाही, हे मी अगदी हात जोडून सांगते. बाळ ९ महिन्यांचं होऊनही आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षाचं होऊनही चालत नसेल, ४ महिन्यांनंतरही मुठी सतत घट्ट मिटलेल्या असतील, मान सावरत नसेल, उभं धरल्यावर पाय कात्रीसारखे एकमेकांवर जात असतील, तर डॉक्टरांना दाखवा. एक वर्षाच्या आतच बाळ सारखा एकच हात वापरत असेल तर लोक कौतुकाने म्हणतात डावखुरं होणार बहुतेक, पण त्या वयात दोन्ही हात सारखेच चालायला हवेत, एक हात मागे राहत असेल तर त्या बाजूला काही अडचण आहे का ते बघावं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी येत असलेली गोष्ट बाळ विसरलं, म्हणजे बसत होतं आणि आता बसत नाही, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच जायचं.

आमच्याकडे घरातली मोठी माणसं म्हणाली की थांबा जरा, तिचा बाबा पण उशिराच चालला होता. ते प्रेमानेच म्हणत होते आणि तो खरंच उशिरा चालला होता. पण तपासून घेतलं तर नुकसान काहीच नाही, न तपासता वर्ष गेलं तर ते परत येत नाही.

डॉक्टर काय बघतात? हालचाल उशिरा येण्यामागे एकच कारण नसतं. मेंदूला जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडलेला असू शकतो, सेरेब्रल पाल्सी (लहानपणी मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर होणारा कायमचा परिणाम) असू शकते, डाउन सिंड्रोम असू शकतो, स्नायूंचाच आजार असू शकतो, थायरॉइड कमी असू शकतं, व्हिटॅमिन डीच्या कमतरतेने हाडं मऊ झालेली असू शकतात, किंवा बाळाला नीट दिसतच नसेल तर ते कशाकडे सरकणार? म्हणून रक्ताच्या साध्या टेस्टपासून एमआरआयपर्यंत, बाळाला बघून जे लागेल ते सांगतात. मुलगा उशिरा चालला आणि मग जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत वर येत असेल तर रक्तातलं सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एक द्रव्य) बघतात, त्यातून स्नायूंच्या आजाराचा अंदाज येतो. आणि कधी कधी सगळं तपासून काहीच सापडत नाही, आमचं तसंच झालं, फाइलवर फक्त "लो टोन" एवढंच लिहिलेलं आहे.

हा "टोन" शब्द सारखा कानावर पडतो पण समजावून कोणी सांगत नाही. टोन म्हणजे ताकद नाही. स्नायू काहीच करत नसताना सुद्धा थोडासा ताणलेला, तयारीत असतो, ती तयारी म्हणजे टोन. कपडे वाळत घालायची दोरी डोळ्यासमोर आणा. सैल बांधली तर कपडा टाकला की खाली झोळ पडतो, फार ओढून बांधली तर वाकतच नाही. लो टोनचं बाळ काखेत धरून उचललं तर हातातून निसटतंय असं वाटतं, अंग खांद्यावर ओघळतं. हाय टोनच्या बाळाचं डायपर बदलताना पाय बाजूला करायलाच जोर लागतो. आता गंमत अशी की दोरी मुळात किती ताणलेली आहे ते व्यायामाने फारसं बदलत नाही, पण ताकद वाढते, तोल येतो, आणि सैल दोरी असलेलं मूल पण छान चालायला शिकतं. "टोन कधी नॉर्मल होणार" हा प्रश्न मी वर्षभर विचारत होते. "ती स्वतः कधी उठून बसणार" हा विचारायला हवा होता, त्याच्यावर काम करता येतं.

आणि एक, कारण सापडेपर्यंत थेरपी थांबवून ठेवायची नसते. निदान आणि थेरपी दोन्ही बरोबरच चालतात. सेरेब्रल पाल्सीचं निदान पूर्वी १२ ते २४ महिन्यांच्या दरम्यान व्हायचं, आता ३ ते ५ महिन्यांच्या बाळाच्या नुसत्या पाठीवर पडलेल्या हालचालींचा व्हिडिओ बघून, त्याला तपासणी आणि एमआरआयची जोड देऊन, शिकलेले तज्ज्ञ बराच आधी अंदाज देऊ शकतात. लवकर कळलं की लवकर सुरू करता येतं, मेंदू त्या वयात सगळ्यात जास्त घडत असतो.

आता मूळ मुद्दा. हालचाल शिकवता येत नाही, ती बाळाला करून बघावी लागते. १९६३ मध्ये हेल्ड आणि हाइन या दोन संशोधकांनी मांजरीच्या पिल्लांवर एक प्रयोग केला होता. दोन पिल्लं एका गोल फिरणाऱ्या दांड्याला जोडलेली, एक स्वतःच्या पायाने चालायचं आणि दुसरं टोपलीत बसून त्याच्याबरोबर फिरायचं. दोघांना दिसत होतं सारखंच, हलत दोघंही होती. पण नंतर बघितलं तर जे स्वतः चाललं होतं ते खोल कडेपासून बाजूला व्हायचं, पंजा बरोबर जागी टेकवायचं, आणि टोपलीतल्याला ते जमत नव्हतं. मला हे वाचल्यावर आमची पोरगी आठवली. आम्ही तिला सगळीकडे कडेवर फिरवत होतो, सगळं हातात देत होतो. प्रेमानेच, पण टोपलीत बसवलं होतं आम्ही तिला.

म्हणून कोणी बाळाचे पाय धरून सायकलसारखे फिरवत असेल तर त्याने बाळ चालायला शिकत नाही. सांधे आखडू नयेत म्हणून स्प्लिंट (सांधा योग्य जागी धरून ठेवणारा आधार), बसायची-झोपायची योग्य पोझिशन हे काही मुलांना लागतं, ते वेगळं आणि ते करायचंच. पण शिकणं होतं ते बाळाने स्वतः प्रयत्न केला, चुकलं, परत केला, यातून. आणि किती वेळा? २०१२ मध्ये बाळांच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्या कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या टीमने १२ ते १९ महिन्यांच्या मुलांना खेळताना मोजलं तर ती तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. तासाला! आता आठवड्यातून दोनदा ४५ मिनिटांची थेरपी धरा, दीड तास झाला. बाळ आठवड्यात जागं असतं ७०-८० तास. त्या दीड तासात थेरपिस्ट तुम्हाला शिकवतात की बाकीचे तास कसे वापरायचे, बाळाचं शिकणं मुख्यतः तुमच्या घराच्या जमिनीवर होतं.

याचा अर्थ दिवसभर व्यायाम घेत बसायचं असा नाही हं, तसं केलं तर आई पण संपते आणि मूल पण. आम्ही पहिल्या महिन्यात तेच केलं, भिंतीवर तक्ता लावला, रोज ३ वेळा अर्धा अर्धा तास, आणि पाचव्या दिवशी ती चटई बघूनच रडायला लागली. फिजिओ म्हणाल्या तक्ता काढा, जे रोज करताच त्यातच घाला. मग काय काय घातलं सांगते. झोपेतून उठवताना सरळ दोन्ही हात धरून ओढायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि एका कोपरावर भार देत बसतं करायचं, दिवसातून ८-१० वेळा तर उचलतोच आपण, तेवढा सराव फुकट मिळतो. कपडे बदलताना मांडीवर नाही, छोट्या स्टुलावर बसवून, पाय जमिनीला टेकलेले. खेळणी जमिनीवरून उचलून सोफ्यावर ठेवली, म्हणजे खेळायचं तर उभं राहावं लागतं. घरात असताना अनवाणी, कारण तळव्याला जमीन कळली पाहिजे.

स्टुलावरून उठण्याचं जरा सविस्तर सांगते कारण यात एक बारीक गोष्ट आहे जी मी कित्येक आठवडे उलटी करत होते. स्टूल इतकंच उंच हवं की बसल्यावर गुडघे काटकोनात आणि तळवे पूर्ण टेकलेले. आता बाळाने उठावं म्हणून आपण काय करतो, खेळणं वर धरतो, "हे बघ, ऊठ ऊठ!" बाळ वर बघतं, पाठ मागे ताणतं आणि धपकन मागे पडतं. तुम्ही स्वतः खुर्चीतून उठून बघा बरं, आधी पुढे वाकता, नाक पायाच्या बोटांच्या वर येतं, मगच बूड सुटतं. म्हणून खेळणं बाळाच्या समोर, खाली आणि थोडं लांब धरायचं, ते पुढे झुकलं की मग हळू वर न्यायचं. ज्या दिवशी मी हे बदललं त्याच दिवशी तिचं बूड पहिल्यांदा स्टुलावरून सुटलं, चार बोटं वर, आणि परत बसली. मग दुपारभर तेच, वर, खाली, वर, खाली, मी मोजायचं सोडून दिलं.

आजूबाजूची मांडणी बदलली की हालचाल बदलते, याचं एक सुंदर उदाहरण आहे. नवजात बाळाला उभं धरलं की ते पावलं टाकल्यासारखं करतं आणि २-३ महिन्यांत ते बंद होतं. पूर्वी म्हणायचे मेंदू मोठा होतो म्हणून ते दबतं. एस्थर थेलन या संशोधिकेने १९८४ मध्ये दाखवलं की त्याच बाळांना छातीपर्यंत पाण्यात धरलं तर पावलं परत येतात! पाय बाळसेदार आणि जड झालेले असतात, पाण्यात हलके होतात. म्हणजे "जमत नाही" याचा अर्थ दर वेळी "येत नाही" असा नसतो, कधी कधी आत्ताच्या वजनाला, आत्ताच्या उंचीला, आत्ताच्या आधाराला ते जमत नाही. चांगला थेरपिस्ट सारखा हेच करत असतो, छातीखाली टॉवेलची गुंडाळी दे, स्टूल दोन बोटं उंच कर, दोन सोफ्यांमधलं अंतर आज एक हात तर पुढच्या आठवड्यात सव्वा हात. बाळाला थोडंसं अवघड आणि तरी जमेल असं.

लहान बाळांसाठी पालथं ठेवणं फार महत्त्वाचं आहे. झोपवायचं पाठीवरच, ते सुरक्षित आहे, अमेरिकेत १९९२ पासून डॉक्टर हेच सांगतात की पोटावर झोपवू नका. पण जागं असताना आणि आपण समोर असताना पालथं. रडत असेल तर तुम्ही उताणे पडा आणि बाळ छातीवर घ्या, तुमचं तोंड बघायला ते मान उचलतंच, एक मिनिट सुद्धा चालेल, दिवसातून बऱ्याच वेळा करा.

चाकांचा गोल बेबी वॉकर मात्र नको, ज्यात बाळ मधे लटकतं तो. त्यात तोल सांभाळावा लागत नाही, बाळ बोटांच्या टोकांनी ढकलत जातं, त्याने चालणं लवकर येत नाही, उलट उशीर होऊ शकतो, आणि जिन्यावरून पडण्याचे अपघात इतके होतात की कॅनडाने २००४ मध्ये त्यांच्यावर बंदीच घातली. बाळाचे दोन्ही हात डोक्याच्या वर धरून चालवणं पण कमी करा, तेव्हा भार आपल्या हातांवर असतो. कमरेला धरा, किंवा ढकलायची गाडी द्या आणि ती पळू नये म्हणून तिच्यात वजन ठेवा.

थेरपीची जागा निवडताना एक प्रश्न विचारा, "पुढच्या तीन महिन्यांत काय जमलं पाहिजे?" उत्तर "कोअर स्ट्राँग करू" (म्हणजे पोट-पाठीचे स्नायू मजबूत करू) असं आलं तर परत विचारा. "सोफ्याला धरून स्वतः उभी राहील", "जिन्याची एक पायरी रांगत चढेल", असं दिसणारं, मोजता येणारं काहीतरी हवं, आणि ते तुमच्या घराशी जोडलेलं हवं. जे शिकायचं त्याचाच सराव, हे बऱ्याच अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. डाउन सिंड्रोमच्या बाळांवरचा २००१ चा अभ्यास बघा, आईबापांनी घरी छोट्या ट्रेडमिलवर बाळांना आधार देऊन दिवसाला ८ मिनिटं, आठवड्यात ५ दिवस पावलं टाकू दिली, तर ती बाळं बाकीच्यांपेक्षा सरासरी १०१ दिवस आधी स्वतः चालली. एक हात कमी चालत असेल तर चांगल्या हाताला काही वेळ मऊ मोजा घालून दुसऱ्याला खेळवतात, त्याचा पण चांगला उपयोग होतो, पण हे थेरपिस्टच्या सांगण्यानुसारच करायचं. हाताची बारीक कामं, कपडे घालणं, चमचा धरणं यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतात, गिळताना ठसका लागत असेल तर स्पीच थेरपिस्ट, नावावर जाऊ नका, ते गिळण्याचं पण बघतात. आणि जो कोणी हमखास बरं करतो म्हणेल, महागडं मशीन किंवा ऑक्सिजनची बंद टाकी दाखवेल, तिथून निघा. सेरेब्रल पाल्सीत त्या ऑक्सिजनचा चाचणीत जास्तीचा फायदा दिसलेला नाही.

एका ठिकाणी आम्ही दोन आठवडे जात होतो, तिथे ती अख्खा वेळ रडायची आणि आम्हाला बाहेर बसवायचे, म्हणायचे रडलं की व्यायाम होतो. मला वाईट वाटतं की मी दोन आठवडे गप्प बसले. थोडं कुरकुरणं वेगळं, नवीन माणूस, नवीन जागा, अवघड काम, ते होतंच. पण घाबरून रडणारं मूल हालचाल शिकत नाही, ते फक्त त्या जागेला घाबरायला शिकतं. तुम्हाला आत बसू देत नसतील तर तुम्ही घरी काय करणार?

मधे मधे सगळं ठप्प होतं, याची तयारी ठेवा. सर्दी-तापाने दोन आठवडे जातात, कधी काहीच कारण नसतं. दर महिन्याला एकाच तारखेला २० सेकंदांचा व्हिडिओ काढा, त्याच कोपऱ्यात, त्याच खेळण्यासोबत. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही, तीन महिन्यांपूर्वीचा व्हिडिओ लावला की दिसतो, आणि डॉक्टरांना पण तोंडी सांगण्यापेक्षा ते दाखवलेलं जास्त कामाला येतं. आमची २३ महिन्यांची असताना चालली, दोन सोफ्यांच्या मधलं ते अंतर, तीन पावलं.

सगळी मुलं चालतात असं नाही, हे पण लिहायलाच हवं. सेरेब्रल पाल्सीत हालचालीच्या ५ पातळ्या मानतात, ही पद्धत १९९७ ची आहे, पहिल्या पातळीतलं मूल पळतं सुद्धा आणि पाचव्यातल्याला बसायला पण पूर्ण आधार लागतो. तिसऱ्या-चौथ्या पातळीतल्या मुलाच्या आईबापांना वाटतं की चाकाची खुर्ची दिली म्हणजे आपण हरलो, मूल आळशी होईल, म्हणून ते वर्षानुवर्षं थांबतात आणि तोवर मूल कडेवरच असतं. पण त्या टोपलीतल्या पिल्लाकडे परत बघा. मुलाला हवं तिकडे स्वतःहून जाता येणं महत्त्वाचं आहे, पायाने किंवा चाकाने. थेरपीत आमच्या वेळेला एक मुलगा यायचा, तीनेक वर्षांचा, त्याला बटणावर चालणारी छोटी गाडी मिळाली होती, बटण दाबलं की पुढे. पहिल्या दिवशी तो बटण दाबायचा आणि दचकून सोडायचा. काही आठवड्यांनी आईने त्याला हाक मारली तर त्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं, हसला, बटण दाबलं आणि उलट्या दिशेला खिडकीकडे निघून गेला.